पट्टा काढून टाक

मूल गावच्या बसस्टँडवर पत्रूच्या मागच्या बाकावर कॉलेजातली दोघं लॅपटॉप उघडून बसली होती. त्याचं तिकडं ध्यान नव्हतं, पण एका शब्दानं त्याचे कान टवकारले.

"करिश्मा, पट्टा काढून टाक."

"पूर्ण? थोडा फिका करून ठेवू ना, लोकेश."

"नाई. साहेबापुढं नुसती रेघ पाहिजे. पट्टा दिसला की प्रश्न येते."

पत्रूसाठी पट्टा म्हणजे एकच, वनजमिनीच्या हक्काचा कागद. तो गर्रकन वळला.

"कोणाच्या वनजमिनीचा पट्टा काढून राह्यला, बाबू?"

"जमिनीचा नाई, भाऊ!" लोकेश म्हणाला. "हा तुमच्याकडच्या विहिरींच्या पाण्याचा आलेख आहे. ही रेघ म्हणजे आमचा अंदाज."

"अन् रेघेच्या दोन्हीकडं हे निळं काऊन?"

"त्यालेच पट्टा म्हणतो. अंदाज चुकला, तर खरं पाणी या निळ्यात कुठीबी असू शकते."

"खाली हे लाल काय आहे?"

"विहीर आटली, त्याची खूण."

"निळं तर तिले टेकलं."

"हो... टेकलं."

"अन् तेच पुसता?"

लोकेशनं लॅपटॉप अर्धा मिटला. करिश्मा हळूच म्हणाली, "साहेबाले पट्टा आवडत नाई, भाऊ."

"आमच्या वनखात्याच्या साहेबालेबी नाई आवडला," पत्रू म्हणाला. "त्यानं आमच्या जमिनीच्या पट्ट्यावर अशीच रेघ मारली."