तल्यानला पाजलेलं दूध

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कबिल्याचे प्रमुख आदरणीय आयदाहिस आजोबा, मंचावरचे शिक्षणाधिकारी, गुरुजन, समोरची वडीलधारी मंडळी आणि आज निवृत्त होणारे आमचे यायो सर,

मी मोमिना, याच शाळेची विद्यार्थिनी. सरांच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल सगळे भरभरून बोलले. पण गाव त्यांना पाठीमागे ‘तल्यान’ म्हणतं, हे कुणी बोललं नाही. तल्यान म्हणजे इटलीची माणसं. सर तर याच मिठाच्या वाटेवर जन्मले. मग त्यांना हे नाव का?

नऊ वर्षांपूर्वी एका तल्यानच्या गाडीखाली माझे वडील आले. तो पळाला नाही. त्यानेच त्यांना घरी आणलं. सरांनी त्याला शाळेत बसवलं. तेवढ्यात गास काका पाच जणांना घेऊन आले, कमरेला सुरे लावून. दारात मी, हातात दुधाचं रिकामं भांडं.

“पोरी, दागू दे. काय पाहिलंस, काय ऐकलंस? आत कोण?”

वाटेत गाठ पडली की आधी दागू, पाहिल्या-ऐकल्याची खबर; आणि दागूत खोटं बोलायचं नसतं, हे का मी तुम्हाला सांगायला हवं?

“तल्यान आहे, काका. दूध प्यायलाय.”

“कुणाचं दूध?”

दूध प्यायला तो पाहुणा. त्याला हात लावला, की दूध देणाऱ्याशी वैर. मी तोंड उघडलं, तोच मागून सर म्हणाले, “माझं. आधी मला आडवं करा.”

काका थुंकले. “माझा भाऊ तिकडे मरायला टेकलाय, आणि तू याला दूध पाजतोस? अरे, तूही तल्यानच!”

ते परत गेले. पण त्या दिवसापासून काकांनी सरांच्या सलामाला उत्तर दिलेलं नाही.

सभेची माफी मागून सांगते, शेळी आमची होती. भांडं आईने भरलं, वडिलांच्या रक्ताने माखलेल्या हातांनी. म्हणाली, “घरात एक पडलाय तेवढा पुरे. जा, पाज त्याला.” नंतर सरांनी मला दटावलं, “आईचं नाव घेतलंस तर याद राख. नवऱ्याला चिरडणाऱ्याला दूध दिलं म्हणून गाव तिला जगू देणार नाही.” मी गप्प राहिले, शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. दागूत सर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, ते आमच्यासाठी.

आई ती तिथे, कुबडी धरून बसलेल्या वडिलांशेजारी बसली आहे. काल तीच म्हणाली, “आता बोल.”

म्हणजे काका, तो पाहुणा सरांचा नव्हता. आपला होता.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. सर, तुमचा शब्द मोडला, पोटात घाला. आणि काका, सर उद्या सकाळी गाव सोडतील. वाटेत गाठ पडली, तर दागू आधी तुम्ही विचारा.