अकरा नकला

एक होती सून, एक तिची पाच वर्षांची लेक आणि एक साहेब, ज्याच्याजवळ वेळ सोडून सगळं होतं... आणि मी सासू, भोगायला.

तुम्हाला सांगते, सून कारखान्यातल्या यंत्रांचा मेंदू लिहायची. आत नखाएवढी चकती असते, तिला सांगायचं, टाकी तापली की झडप उघड, निवली की बंद कर. एवढंच. पण साहेबाची रीत कशी? नवं यंत्र आलं की जुन्याचं लिखाण उचल, नक्कल कर, चार ओळी खरवड, दे पाठवून. अशा अकरा नकला. दूध गार करणाऱ्या यंत्राची नक्कल पीठ मळणाऱ्यात गेली, आणि ते बापडं दोन दिवस नुसतं उभं... दूध निवायची वाट बघत! एकीत चूक निघाली की अकराही ठिकाणी तीच, आणि अकरा गावं हिंडणार कोण? माझी सून. एकदा नीट करायला वेळ नाही, अकरा वेळा निस्तरायला आहे.

इकडे नात मला आई म्हणायला लागली. सुनेच्या देखत. सून मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी साहेबाकडे तीन महिने मागितले. म्हणाली, कामाचं शहाणपण एकीकडे लिहिते, कुठली तार कुठे जाते ते दुसरीकडे. यंत्र बदललं की तारांचा तुकडा तेवढा बदलायचा, शहाणपण सगळ्यांना एकच. मला कळलं हो, आणि साहेबाला? खुर्चीत रेलून म्हणे, "मॅडम, चाललंय ना? मग कशाला उकरताय?"

मग तिने रविवारी-रविवारी घरीच लिहिलं. म्हणजे लेकीचे तेवढे रविवार होते, तेही गेले. आणि झालं काय, चकती बनवणाऱ्यांनी ती चकतीच बनवणं बंद केलं, आणि नव्या चकतीत जुनी एकही नक्कल चालेना. साहेबाचं तोंड पांढरंफटक. सुनेने आपलं लिखाण काढलं, नव्या चकतीपुरता तारांचा तुकडा लिहिला, चार दिवसांत अकराही यंत्रं सुरू. साहेबाला बढती. सुनेला? आता एकच लिखाण सांभाळायचं, त्याला एवढी माणसं कशाला, म्हणून नारळ... आणि वर एक गुच्छ, प्लास्टिकचा.

दोन महिन्यांनी साहेबाचा फोन, आवाजात नुसतं तूप. मागे राहिलेल्या शहाण्यांनी तिच्या त्या एका लिखाणाच्या किती नकला केल्या असतील? अकरा. प्रत्येकीत निराळी चूक. एकदा नीट करायला वेळ नाही... जाऊ दे, माझंच तोंड दुखतं. सून म्हणाली, करते, पण गाडीत पाऊल टाकणार नाही, घरून करीन. साहेब न मानून जातो कुठे?

तर असं एकदाचं आमच्या घराला भाग्य आलं. सून दिवसभर घरात असते, दार लोटून. नात उंबऱ्यावर बसून आई, आई करते, मी मुद्दाम ओ देत नाही. आतून येतं, "थांब गं, एवढी एकच राहिली."

अकरांतली तिसरी चाललीय.