अंबूबाईंच्या गोळ्या

नसरापूरच्या दवाखान्यात सकिना नंबर लावून बसली होती. तिच्या शेजारी मार्गासनीच्या अंबूबाई आणि त्यांच्या आळीतली रत्ना येऊन टेकल्या. सकिनाची नजर दाराकडं राहिली, कान मात्र इकडं वळले.

"काकी, गुडघ्यासाठी डॉक्टरनी म्हैनाभराच्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या व्हत्या. घेतल्या न्हवं?"

"संपल्या की."

"मग गुडघं आजून कसं दुखत्यात?"

"आमची म्हस व्याली न्हाई का? अंगानं लई उतरली व्हती. भाकरीत घालून तिलाच चारल्या."

"तुमच्या गोळ्या म्हशीला?"

"दोन्ही टायमाला, न चुकता. आता बघ कशी तुकतुकीत दिसती. दूधबी वाढलंय."

"मग ते दूध तरी पिता का?"

"सकाळचं डेरीला जातं. सांजचं नातवंडं पित्यात."

"आन तुमी?"

"मला कोरा च्याच बरा वाटतो."

रत्नानं त्यांच्या गुडघ्याकडं पाहिलं.

"म्हशीला बरं न्हाई, हे कसं कळलं वो तुमाला?"

"सारखी रेकायची बिचारी. न कळाया काय झालं?"

"आन तुमचं दुखणं घरात कुणाला ठावं हाय?"

तेवढ्यात आतून नर्सनं अंबूबाईंचं नाव पुकारलं. त्यांनी सकिनाच्या खांद्यावर हात टेकला आणि उठल्या. अंगाचा सगळा भार त्या हातावर आला. सकिनाचा खांदा खाली दबला. अंबूबाईंच्या तोंडून मात्र हूं की चूं नाही.