आपल्या सेक्टरचा सायकल ट्रॅक

द्वारकेत मेट्रोच्या टोकनची रांग इतकी लांब होती, की तिचं शेपूट नोएडात असावं. माझ्या पुढचे नवरा-बायको मराठीत भांडायला लागले, तसा मी कानातल्या मशीनचा आवाज वाढवला.

"मानस, सोसायटीपासून शाळेपर्यंत मोबाइलवरच्या नकाशात सायकल ट्रॅक कुणी दाखवला?"

"मीच. सगळ्यांचा नकाशा आहे वृंदा, कुणीही भर घालू शकतं. सायकल ट्रॅकचा बोर्ड आहे ना तिथे!"

"बोर्डाखाली छोले-कुलचेवाला बसतो. पुढे सगळ्यांच्या कार उभ्या. त्यापुढे लग्नाचा तंबू."

"तंबू उठेल यार!"

"आपली भक्ती सोमवारपासून शाळेत सायकलने एकटी जाणार, तुझा नकाशा बघून. ट्रॅक अडला की ती बसगाड्यांच्या मधे शिरेल."

"मग काय लिहू? फुटपाथ?"

"त्यावर चालता तरी येतं का?"

"'सायकलला परवानगी' लिहू?"

"परवानगी आहेच रे. जागा नाहीये."

"अच्छा, मग ठरवायचं कसं?"

"बिल्कुल सोपं आहे. उद्या तू स्वतः सायकल चालवत जा, मग ठरव."

"मला सायकल येत नाही."

"काय? लग्नाआधी दिल्लीहून आग्र्याला सायकलने गेलो होतो म्हणालास ना!"

"पुसतो गं. आत्ताच पुसतो तो ट्रॅक."