न पेटलेला उकिरडा विझवल्याबद्दल

मी, इन्साफ अब्दुल मोती शलबी, वय ५२ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कफ्र अल-तूत, कालव्याच्या पलीकडची आळी, स्वतः ठाण्यात हजर राहून जबाब देते की, आज सकाळी माझ्या मालकीचा, चांगला चालता उकिरडा विझवण्यात आला. तो पेटलेला नव्हता. जे पेटलेलंच नाही ते विझवणं हा कोणत्या कलमाखाली गुन्हा होतो ते साहेबांनी बघावं. मी शिवणकाम करते, कायदा नाही.

सदर उकिरडा माझ्या घरामागे आहे. त्यात भाताचा पेंढा, म्हशीचं शेण, मोलोखियाच्या पालेभाजीचे देठ आणि आळीतल्या सगळ्या घरांची सालं जातात. भातकापणीनंतर तो आतून इतका तापतो की हात घालवत नाही. त्याचं खत माझ्या लिंबाला जातं, शेजारच्या कांद्याला जातं, आणि दोन पोती या ठाण्याच्या गच्चीवरच्या पुदिन्याला आली आहेत. हे वाक्य जबाबात नको असं साहेब म्हणाले. ते असावं असं माझं म्हणणं आहे.

खत ही नंतरची गोष्ट. हिवाळाभर त्याची ऊब आळी वापरते. ‘फुल’ची हंडी, म्हणजे आमच्या नाश्त्याचे घेवड्याचे दाणे, मी रात्री त्यात पुरते आणि सकाळी शिजलेली काढते. मशिदीचे मुअज्जिन नमाजाआधीच्या वजूच्या पाण्याचा डबा त्याच्या कुशीत ठेवून जातात. एक म्हातारे गृहस्थ त्याला पाठ टेकून बसतात. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण घरी त्यांनी पाठ बरी असल्याचं सांगितलंय.

या वेळी ढिगाच्या कडेला, जिथे ऊब बेताची असते तिथे, पेंढ्याच्या टोपलीत बदकाची वीस अंडी होती. ती शेजारीण बसीमा हिची. मागच्या साथीत तिची बदकं गेली, खुडूक कोंबडीही गेली. अंडी तिने माहेराहून मागून आणली होती. बदकं विकून ती घर चालवते, दुसरं काही नाही. तिने अंडी माझ्या हवाली केली आणि मी घेतली. आमच्याकडे उबवणाऱ्याला दहात एक पिल्लू द्यायची रीत आहे, ती तिने न विचारता कबूल केली. अंडी आज-उद्यात फुटायची होती.

आज उजाडताना थंडी होती आणि ढिगातून रोजच्यासारखी वाफ निघत होती. शेजारी हाजी दसूकी, जे नुकतेच कुवेतहून कायमचे परतले आहेत, त्यांनी ती पाहिली. त्याच वेळी कालव्याच्या रस्त्यावर शेतकी खात्याची गाडी दिसली. पेंढा जाळणाऱ्यांना ती हल्ली धरून नेते. हाजींनी शेताचा पंप चालू केला, नळी कुंपणावरून टाकली आणि निम्मा कालवा माझ्या उकिरड्यात ओतला. मी बाहेर आले तेव्हा माझी हंडी अंगणात तरंगत होती.

मी त्यांना म्हटलं, "हाजी, एवढी वर्षं कुवेतमध्ये काढलीत, वाफ आणि धूर यांतला फरक तिथे विकत मिळत नव्हता का?"

ते म्हणाले, "बाई, मला वाटलं तुम्हाला नेतील."

मी तरंगती हंडी उचलून घेतली.

एवढ्यात बसीमा आली. ती ओरडली नाही. ओल्या टोपलीपाशी उभी राहिली आणि ओढणीच्या टोकाने एकेक अंडं पुसू लागली. हाजींनी डोक्याची शाल सोडली, अंडी तिच्यात घेतली आणि पायघोळ गलाबियाच्या आत पोटाला बांधली. मी तक्रार करणारच असं सांगितलं. त्यांनी जरूर करा, फक्त टुकटुक रिक्षा सावकाश चालवायला सांगा, असं म्हटलं. आम्ही तिघं एकाच टुकटुकमधून आलो. आरोपी मध्ये बसले, कारण अंडी मध्येच बरी.

ठाण्यात साहेबांनी आरोपीला उभं राहायला फर्मावलं. आरोपी उठले नाहीत. साहेबांनी आवाज चढवला.

आरोपी म्हणाले, "साहेब, मी उठलो तर वीस जण पडतील."

साहेबांना हा उर्मटपणा वाटला आणि तेही लिहून घ्या असं त्यांनी सांगितलं. तेव्हा बसीमा सकाळपासून पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "हाजी, श्वास हळू घ्या."

त्यानंतर आरोपीच्या पोटातून टकटक ऐकू आली, आणि मग बारीक चिवचिव. लिहिणारे हवालदार कागद सोडून वाकले. साहेबांनी टेबलाखालचा आपला हीटर पायाने आरोपीकडे सरकवला. बसीमा तोंडावर हात धरून हसत होती, आणि डोळे पुसत होती तेही त्याच हाताने.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. उकिरडा चार दिवसांत पुन्हा तापेल.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. हवालदार दोनदा हसले ते वगळता तो मी सांगितला तसाच आहे. एक दुरुस्ती तेवढी करावी. उबवणाऱ्याचा वाटा माझा धरला आहे, तो खोडून हाजी दसूकींचा लिहावा. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यापासून त्यांच्या अंगणात काही हलत नाही, हे माझ्या शिवणाच्या खिडकीतून दिसतं. हा बदल त्यांना वाचून दाखवण्याची गरज नाही. पिल्लं बसीमा नेऊन देईल.

सही: इन्साफ शलबी