डांबरावरचा कापूस

आता सांगा, अशा माणसाला मी काय शिकवायचं? जालन्यात कृषी अधिकाऱ्यांना उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवत होते. म्हटलं, टेंभुर्णीकडे जा, कापसाच्या शेतात मधोमध उभं राहा आणि मोबाइलवर जागेची नोंद घ्या. त्यावरूनच कॉम्प्युटर चित्रातला कापूस ओळखायला शिकतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या देशमुख साहेबांच्या नोंदी पडद्यावर लावल्या. सगळ्या एका ओळीत, डांबरी रस्त्यावर.

"साहेब, गाडीवरून उतरलाच नाहीत का?"

"चिखल होता, मॅडम. रस्त्यावरून कापूस बराबर दिसून राह्यलाता."

"अहो, आता कॉम्प्युटर डांबरालाच कापूस म्हणेल. शेतात उतरायला काय झालं होतं?"

साहेब शांतपणे म्हणाले, "मंग तुमचा उपग्रह कुठं चिखलात उतरून राह्यला?"