आईला दिसतंय ना?

हॅलो? … हां, बोल. … हो गं, तुझ्या आईसमोरच बसलोय. त्यांचा पाय स्टुलावर ठेवलाय, प्लास्टर ठीक आहे, चहा झालाय, गोळी झालीय. तू तुझ्या पीएचडीच्या व्हायव्हाचं बघ, सासूबाईंचं मी बघतो.

… सुरू? हो… म्हणजे सुरूच आहे जवळपास.

… जवळपास म्हणजे जवळपास! कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू, तुमच्या विद्यापीठाचं पान उघडलंय, वर ठळक अक्षरात तुझं नाव आहे. फक्त जिथे तू दिसायचीस तिथे एक काळा चौकोन आहे. … त्यात लिहिलंय, ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी प्लगइन बसवा.’

… प्लगइन म्हणजे… अगं, वरून जोडायचा एक तुकडा असतो. तो ब्राउझरला जोडला की चित्र हलतं, आवाज येतो.

… मग जोड काय, जोड! जोडतोच आहे ना! ‘इथे दाबा’ म्हणालं, दाबलं. तर म्हणतं, ‘आपल्या प्रणालीसाठी उपलब्ध नाही.’

… हो. काल दुपारपर्यंत चालत होतं. … मीच बदललं. मान्य. पण कसं चालत होतं ते आठव की! बटण दाबून आई आंघोळ करून यायच्या, तेव्हा कुठे पडद्यावर बाण दिसायचा. आमच्या ऑफिसातल्या दाढीवाल्याने ही मुक्त प्रणाली दिली, रात्रीत जुनी काढून ही टाकली. फुकट, हलकी, व्हायरसची भीती नाही. आता बघ कसं पळतंय!

… हो, पळतंय पण दिसत नाही. टोमणा पोचला.

आई, दोन मिनिटं हं. देतो फोन, झालंच. … नाही गं, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. हे मार्गी लागू दे, मग देतो.

… माझ्या फोनवर? बघितलं ना, ते पान म्हणतं संगणकावरच उघडा. आणि व्हिडिओ कॉल कसला करतेस, हॉलबाहेरच्या तुझ्या त्या बोळात साधा आवाज तुटतोय. शिवाय आत फोन नेऊ देत नाहीत, तूच म्हणालीस.

… कळलंय. … अगं ऐक ना, मला माहितीय पहिलीच स्लाइड आहे ती! जरा हळू बोलतो, आईंचे कान तिखट आहेत. … हो. मशीनचा फोटो. खाली त्यांचं नाव. ती हुकली तर पुढचा तासभर शिलाई कामगारांच्या पाठीचे मणके बघून त्यांना काय कळणार, हेही मान्य. त्या मशीनवर त्यांनी तुझी फी शिवून काढली, मला सांगायला हवं का? … मग. म्हणूनच तर जीव काढतोय.

थांब, दाढीवाल्याने एक ओळ पाठवलीय. ती काळ्या खिडकीत टाइप करायची. … टर्मिनल म्हणतात त्याला. नाही गं, चौकोन वेगळा, खिडकी वेगळी. आज सगळंच काळं आहे आपल्याकडे.

टाइप केलं. पासवर्ड मागतंय. … हे काय? … अगं, अक्षरंच उमटत नाहीयेत! बटणं दाबतोय आणि तिथे ढिम्म. हा कीबोर्डही आजच मेला वाटतं.

आई, जरा त्या वायरीवरून काठी काढता का? … काही नाही, तुम्ही बसा. तुम्हाला नाही ओरडलो.

… काय? … न दिसताच टाकायचा? तुला कोणी सांगितलं? … तुमच्या ग्रंथपालांनी? त्या बोळात ग्रंथपालांना आपलं घरचं गाऱ्हाणं सांगितलंस तू? … बरं बरं. टाकतो आंधळ्यासारखा. … टाकला. … घेतला गं! आभार सांग त्यांना.

… आता म्हणतं, ‘दुसरी प्रक्रिया चालू आहे, कृपया थांबा.’ कुठली दुसरी? इथे पहिलीचाच पत्ता नाही! … अच्छा. ते स्वतःला अद्ययावत करतंय. विचारलं का कोणी? घरात कार्य आणि भटजी निघाले दाढी करायला.

… नाही, चिडलो नाही. मी कशाला चिडू?

… तुला कधी बोलावणार? … तुझ्या आधीचा बाहेर आला? इतक्यात? लोक हल्ली बोलतात तरी किती कमी!

आई, झालंच. … हो, तिचाच फोन. घाबरलीय थोडी. … नाही, मी घाबरलेलो नाही.

हां, चाललं पुढे! उतरवून घेतंय. टक्के वाढतायत. … आता हा एक करारनामा आला. केवढा लांब… खाली ‘मान्य’ लिहिलंय आणि माऊसने दाबलं जात नाही. मान्य आहे बाबा! मला मान्य, सासूबाईंना मान्य, तुला आणखी कोणाची सही हवी? … काय म्हणाल्या आई? … नाही हो, काही गहाण टाकत नाहीये.

… टॅब? डाव्या बाजूचं? … ग्रंथपालच का? … हललं! एंटर. … बसवलं. ‘पूर्ण झाले’ म्हणतंय. जिंकलो!

… हो, हो, बसलं. आता फक्त पान ताजं करायचं. … करतोय. … एक सेकंद.

… चौकोन.

… नाही, म्हणजे येतंय. पुन्हा ताजं करतो. … येतंय, येतंय.

… काय? … हो. हो, आलं. … अगं खरंच आलं. अगदी स्वच्छ. तू निवांत जा आत, डोक्यातून काढून टाक हे. … हो, आईंना दिसतंय. हॉल दिसतोय. खुर्च्या… टेबल… तो पडदा. … तू? दिसतेयस ना कोपऱ्यात. छान दिसतेयस. … हलव की. हलव. … हो, दिसला! दिसला हात. आई हसल्या.

… हॅलो? … अगं बोल ना. हॅलो?

… नाही हलवलास?

… अजून बोळातच आहेस. … हां.

… ऐक. अगं, ऐक तरी. तू आत जाताना मनावर ओझं नको म्हणून… … नाही, फसवायचं म्हणून नाही! … हो, खोटं ते खोटंच. … चुकलं. चुकलं म्हणतोय ना! काळा चौकोनच आहे. मघापासून तोच आहे. प्लगइन बसलंय म्हणतं आणि पान म्हणतं प्लगइन बसवा. दोघांचं आपसात बोलणं नाही, आणि मी मध्ये दगडावर डोकं आपटतोय. मीच ही हौस केली, मीच चालतं घोडं मारलं. काल हात लावला नसता तर आत्ता आई तुला बघत बसल्या असत्या. झालं समाधान?

… रडू नकोस. आत जायचंय तुला. … रडू नकोस गं.

… हो. देतो. हे काय, देतोच. आधीच द्यायला हवा होता. थांब, हे सगळं बंद करू दे, तो चौकोन बघवत नाही मला. ही खिडकी बंद, ही बंद, ब्राउझर बंद. घ्या. स्वच्छ पाटी.

आई, धरा फोन. तुमची लेक आहे. … माझं काही नाही. मी गॅलरीत आहे जरा.

हॅलो? … मी गं बाळ, आई. … बोलले असते की मघाशीच. तीनदा हात पुढे केला, पण जावईबापूंचं युद्ध चालू होतं.

… अगं, राहू दे. नाही दिसलं तर नाही दिसलं. तुला काय मी बघितलं नाही कधी? तू नीट बोल, मोठ्याने बोल, आणि पाणी पिऊन जा. … आणि त्यांना बोलू नकोस काही. तोंड एवढंसं झालंय बिचाऱ्यांचं. रात्रभर जागले माझ्या त्या खटाऱ्यापायी. … हो, खोटं बोलले, ऐकलं मी. माझ्या हसण्याचंही खोटंच. मी कुठली हसतेय, पायाला ठणका लागलाय.

… काय करतेय? काही नाही, बसलेय त्या यंत्रासमोर. ते निळं गोल आहे ना, आज सकाळी त्यांनी मला शिकवलं. म्हणाले, आई, यावर दोनदा टिचकी मारायची, तुमच्या लेकीचं पान आपोआप उघडेल. मी म्हटलं, तुझं नाव तरी वाचते. … मारली की आत्ता. … हां, आलं बघ तुझं नाव.

… थांब.

… अगं थांब. इथे माणसं हलतायत.

… तो चौकोन नाही. हॉल आहे. एक टकलू पाणी पितोय. … निळा शर्ट, हो. … तुझे गाईड आहेत होय? चांगले दिसतात.

अहो जावईबापू! या इकडे! लागलं! … बंद करून उघडलं की लागलं हो! … या तर खरं!

… हो गं, दिसतंय. तू कुठे आहेस पण? … दारात? … ये ना आत. … ये, फोन घेऊनच ये, कोणी खात नाही. … हो. आलीस. दिसलीस.

… खरंच. शपथ.

… तुझ्या मागे पडद्यावर काय आहे ते?

… हे आपलं मशीन ना गं? ते चाकाची मूठ तुटलेलं? … आणि खाली लिहिलंय काय? जावईबापू, वाचा. चष्मा आहे, पण… तुम्हीच वाचा.

…

… नाही. नाही रडत. … अगं, आहे मी. आहे फोनवर.

… बोलावतायत का? जा, जा. ठेव आता. … अगं, दिसतंय गं मला, किती वेळा सांगू? तू हात काय हलवतेस, आधी ती कॉलर नीट कर. डाव्या बाजूने दुमडलीय. मी काय दुमडून ठेवायला शिवली होती?

… हां. आता जा.